बाळाचा दिवस आणि बाळाची रात्र

बाळंतिणीच्या खोलीचे पडदे दिवसभर ओढून ठेवू नका! नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस-रात्रीचं भान त्याला दोन-तीन महिन्यांनी येऊ लागतं. तोवर दिवसा उजेड, घरातले नेहमीचे आवाज असू द्या. कुकरच्या शिट्ट्यांनी काही बिघडत नाही. रात्री पाजताना, लंगोट बदलताना मात्र मंद दिवा आणि बोलणं अगदी कमी. मालिश-अंघोळीची वेळ ठरलेली असली की त्यानंतरची झोपही छान लागते. धुरी नकोच, इवल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. आणि झोपवायचं नेहमी उताणं, सपाट, घट्ट गादीवर. आजीने मोहरीची उशी कितीही मायेने शिवली असली, तरी पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळापाशी उशी नको.