कोंकणी वैद्यांची एक नागरी साक्ष (शके १५९७)

वनस्पतिशास्त्रज्ञांचे कागद इतिहाससंशोधकानें पाहावे असें सहसा कोणास वाटत नाहीं. सनदा, महजर व वंशावळी यांकडे जें लक्ष जातें त्याच्या शतांशानेंहि तें झाडपाल्याच्या टिपणांकडे जात नाहीं. परंतु दुसऱ्या कोणत्याहि दप्तरांत ज्यांचा मागमूस लागावयाचा नाहीं, अशा माणसांचीं नांवें कधीं कधीं तेथेंच सांपडतात. ‘होर्तुस मलबारिकुस’ या लातिन ग्रंथांत छापलेली तीन वैद्यांची नागरी साक्ष हें त्याचें ठळक उदाहरण होय.

हा बारा खंडांचा ग्रंथ आम्स्टर्डम येथें इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत निघाला. मलबारांतील सुमारें ७४० वनस्पतींचीं वर्णनें व ताम्रपटांवरून छापलेलीं चित्रें त्यांत आहेत. ग्रंथ सिद्ध करविणारा हेंड्रिक वान रीड हा कोचीन येथील डच कंपनीचा मुख्य अंमलदार. तो स्वतः शास्त्री नव्हे. देशी वैद्यांनीं मल्याळींत सांगावें, इमान्युएल कार्नेरो या दुभाष्यानें त्याचें पोर्तुगीज करावें, आणि त्यावरून पुढें लातिन व्हावें, असा हा तीन भाषांचा प्रवास. इतक्या हातांतून आलेला मजकूर युरोपांतील पंडितांनीं खरा कां मानावा, ही शंका रीडला असली पाहिजे. म्हणूनच, आपल्याकडे महजरावर गोतानें साक्ष घालावी त्या रीतीनें, त्यानें माहिती देणाऱ्यांचीं साक्षपत्रें पहिल्या खंडाच्या आरंभीं जोडलीं.

त्यांतील एक पत्र रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघांचें आहे. हे कोचीन येथील कोंकणी ब्राह्मण. पोर्तुगीज अमदानींत गोमंतक सोडून दक्षिणेस गेलेल्या समाजापैकीं ते होत. पत्राची भाषा कोंकणी, लिपि नागरी, काळ एप्रिल १६७५. इकडे शिवराज्याभिषेकास अद्याप वर्षहि पुरें झालें नव्हतें. दोन वर्षें सकाळ-संध्याकाळ बसून, झाडें ऋतुमानाप्रमाणें आणवून व ग्रंथ पाहून आपण ही माहिती दिली, असा त्याचा आशय आहे. आधारग्रंथाचें नांव लातिन प्रतींत ‘मन्हानिंगट्टनम्’ असें पडलें आहे. मूळ शब्द ‘महानिघंटु’ हें निघंटु ज्याच्या हातांतून गेले आहेत त्यास सांगावयास नको. पण परक्या लेखणीनें पोथीचें नांव किती बदलतें याचा हा चांगला मासला आहे. याद्यांतील अनोळखी नांवें ‘अज्ञात ग्रंथ’ म्हणून नोंदविण्याची घाई करणारांनीं तो ध्यानांत ठेवावा.

या पत्राचें मोल दुहेरी आहे. एक तर तें खिळ्यांनीं जुळविलेलें नसून हस्ताक्षराची प्रतिकृति म्हणून ताम्रपटावर कोरलेलें आहे. सतराव्या शतकांतील नागरी वळण त्यावरून दिसतें. मात्र लिपीशीं परिचय नसलेल्या कोरक्यानें अक्षर केवळ आकृति म्हणून गिरविलें असणार, हें गृहीत धरूनच तें वाचावें. दुसरें असें कीं, गोमंतकाबाहेर राहणारे लोक ही भाषा नागरींत लिहीत होते, याचा हा तारीखवार पुरावा होय.

ग्रंथाचें श्रेय कोणास, हा वाद निराळा. इट्टी अच्युतन् या ईळव वैद्याचेंहि मल्याळी साक्षपत्र याच खंडांत आहे, आणि मुख्य ज्ञान त्याच्या परंपरेचें, ब्राह्मणांच्या पोथ्यांचें नव्हे, असें रिचर्ड ग्रोव्ह यांनीं मांडलें आहे. तो पक्ष दुबळा नाहीं. पण वाद घालतां येतो तोहि दोन्ही बाजूंच्या साक्षी नांवानिशीं टिकल्या म्हणूनच.

नांव न टिकल्यास काय होतें तें पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेवरून कळेल. या सरकारी बागेचा अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यानें १८४७ च्या सुमारास एका देशी चित्रकाराकडून वनस्पतींचीं चित्रें काढविण्यास आरंभ केला. त्यांपैकीं पावणेदोनशेंच्या आसपास चित्रें एडिंबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानांत जतन आहेत. हेन्री नॉल्टी यांनीं २००२ सालीं त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चित्रें अप्रतिम आहेत. गिब्सनचें चरित्र ठाऊक आहे. चित्रकार मात्र अनामिक राहिला. त्याच्यासाठीं कोणी साक्षपत्र लिहविलें नाहीं.

अशीं नांवें ग्रंथांत नसलीं तर पत्रव्यवहारांत व खर्चाच्या कागदांत शोधावीं लागतात, आणि नेमके तेच कागद रद्दींत आधीं जातात. अंबरनाथ, बदलापूर, कल्याण या टापूंत जुन्या घरांचीं दप्तरें पाहणाऱ्या संग्राहकांस म्हणून एवढीच विनंति: वैद्यकाच्या पोथींत झाडाच्या नांवाची चिठी, औषधी आणून देणाऱ्याचा हिशेब किंवा वाळलेलें पान आढळल्यास तें पोथीपासून वेगळें काढूं नये, कोणत्या पानांत होतें तें टिपून तसेंच ठेवावें.