विश्लेषण : कॉर्सेटसाठी देवमाशांचा बळी का गेला?

युरोपात सोळाव्या शतकापासून जवळपास चारशे वर्षे स्त्रियांच्या शरीराला ‘आकार’ देणारे कॉर्सेट आज ‘वेस्ट ट्रेनर’ या नावाने ऑनलाइन विकले जात आहे. हे वस्त्र शिवायचे कसे, त्यात देवमाशाचा संबंध काय आणि शरीरावर त्याचा परिणाम काय, याविषयी...

कॉर्सेटची रचना कशी असते?

नुसते कापड कमरेभोवती आवळले तर ते चुरगळते आणि वर सरकते. म्हणून घट्ट विणीच्या कापडाचे उभे तुकडे जोडून त्यावर शेजारी शेजारी शिवणी घालतात. दोन शिवणींमध्ये तयार झालेल्या अरुंद खणात ताठ पण लवचीक पट्ट्या सरकवतात. पुढे मधोमध लाकडाची, हस्तिदंताची किंवा पोलादाची रुंद पट्टी असे, तर पाठीवर नाडी. पूर्वी नाडीची भोके दोऱ्याने शिवलेली असत. जोरात ओढले की ती फाटत. १८२८च्या सुमारास धातूच्या कड्या आल्या आणि कॉर्सेट अधिक आवळता येऊ लागले.

‘व्हेलबोन’ म्हणजे देवमाशाचे हाड?

नाही. काही देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी गाळणीसारखे पडदे असतात. ते आपल्या नखांप्रमाणे केराटिनचे बनलेले असतात. बोहेड देवमाशात त्यांची लांबी सुमारे चार मीटरपर्यंत भरते. गरम पाण्यात मऊ करून त्यांच्या हव्या तेवढ्या बारीक पट्ट्या काढता येतात. त्या सहसा मोडत नाहीत आणि अंगाच्या उबेने शरीराचा बाक घेतात.

त्याचा देवमाशांवर काय परिणाम झाला?

सतराव्या शतकात डच आणि इंग्रज जहाजांनी स्वालबार्डजवळ बोहेडची बेसुमार शिकार केली. १८४८नंतर अमेरिकी जहाजे बेरिंग सामुद्रधुनीपलीकडे पोहोचली. दिव्यांसाठी खनिज तेल आल्यावर देवमाशाच्या तेलाचा भाव पडला, पण फॅशनमुळे या पट्ट्यांना मागणी राहिली. पुढे तर काही जहाजे फक्त पडदे काढून घेत आणि उरलेला देवमासा समुद्रात सोडून देत. देवमासे घटले, तसे पट्ट्यांचे भाव भडकले. मग पोलाद आणि वळलेले सूत वापरात आले. अमेरिकेतील मिशिगनमध्ये एडवर्ड वॉरन यांनी १८८३मध्ये टर्की पक्ष्याच्या पिसांच्या दांड्यांपासून ‘फेदरबोन’ बनवले.

शरीराचा आकार एकच होता का?

अठराव्या शतकात धड उलट्या शंकूसारखे दिसावे, अशी अपेक्षा होती. एकोणिसाव्या शतकात कंबर बारीक आणि नितंब भरदार दिसणे महत्त्वाचे ठरले. १९००च्या सुमारास छाती पुढे आणि नितंब मागे ढकलणारा ‘एस’ आकार आला. यात दृष्टिभ्रमही होता. घेरदार झगा आणि आतली गादी यांमुळे कंबर आहे त्याहून बारीक भासे.

आरोग्याचे काय?

जर्मन शरीरशास्त्रज्ञ सॉमरिंग यांनी १७८८मध्येच याविरुद्ध लिहिले होते. खालच्या फासळ्या आवळल्या की श्वास उथळ होतो आणि श्रम करताना दम लागतो. वर्षानुवर्षे, विशेषतः वाढत्या वयात, कॉर्सेट आवळल्यास फासळ्यांचा आकार बदलतो. मात्र, कंबर बारीक करण्यासाठी त्या काळी सर्रास फासळ्या काढत, या कथेला आधार नाही.

आजच्या ‘वेस्ट ट्रेनर’ने चरबी जळत नाही. ती फक्त दाबली जाते आणि पट्टा काढला की कंबर पूर्ववत होते. पट्टी देवमाशाची असो वा प्लास्टिकची, दाब पडतो तो फासळ्यांवर आणि पोटावरच.