सेगेड : तिसाकाठचे शहर आणि तेथून फुटणाऱ्या वाटा

हंगेरीला जाणारा भारतीय प्रवासी बहुधा बुडापेस्टचे पूल आणि राजवाडे पाहून व्हिएन्नाची गाडी पकडतो. वैद्यक व्यवसायातील प्रवाशाने मात्र दोन-तीन दिवस राखून दक्षिणेकडे वळावे. रेल्वेने सुमारे अडीच तासांच्या अंतरावर, तिसा नदीच्या काठी सेगेड हे शहर आहे. आपल्या शास्त्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण येथे घडले आणि येथे मुक्काम ठेवला की एका दिवसाच्या टप्प्यात आणखी दोन देश येतात.

आजचे सेगेड हे महापुरातून उभे राहिलेले शहर आहे. १२ मार्च १८७९ रोजी तिसेचे पाणी शहरात घुसले आणि ५,७२३ घरांपैकी अवघी २६५ शिल्लक राहिली. पुनर्रचनेसाठी युरोपभरातून मदत आली. तिची कृतज्ञ आठवण म्हणून बाह्य वर्तुळाकार मार्गाच्या भागांना रोम, पॅरिस, लंडन, बर्लिन, ब्रुसेल्स, व्हिएन्ना व मॉस्को ही नावे देण्यात आली. पुरानंतर केलेल्या नवसाचे जुळ्या मनोऱ्यांचे चर्च १९३० साली पूर्ण झाले. लिपोट बाउमहॉर्न यांनी रचलेले ज्यू प्रार्थनामंदिर १९०३ सालचे असून त्याच्या निळ्या काचेच्या घुमटाखाली क्षणभर तरी थांबावे.

येथील विद्यापीठाची कथाही विस्थापनाचीच आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या ट्रायनॉन तहाने हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश प्रदेश शेजारी देशांकडे गेला. कोलोझवार रुमानियात गेल्यामुळे तेथील विद्यापीठ १९२१ साली सेगेडला आले. याच विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी प्राध्यापक झाले. केंब्रिजमध्ये असताना त्यांनी अधिवृक्क ग्रंथींतून ‘हेक्झ्युरॉनिक आम्ल’ वेगळे केले होते. जोसेफ स्विरबेली या सहकाऱ्यासह सेगेडमध्ये केलेल्या गिनीपिगवरील प्रयोगांत हेच द्रव्य स्कर्व्हीला प्रतिबंध करते, म्हणजेच ते ‘क’ जीवनसत्त्व आहे, हे सिद्ध झाले. अडचण होती ती पुरवठ्याची, कारण ग्रंथींतून ते अत्यल्प मिळे. उपाय प्रयोगशाळेबाहेरच्या मळ्यांत सापडला. सेगेडच्या परिसरातील ताज्या पाप्रिका मिरचीत ते इतके विपुल होते की आता ते किलोच्या मापात काढता येऊ लागले. १९३७ साली सेंट-ग्यॉर्गी यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेला आज त्यांचेच नाव आहे.

उकळलेल्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांना स्कर्व्ही का होतो, हे कोडे एकेकाळी बालरोगतज्ज्ञांना छळत असे. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते, हे त्याचे उत्तर. पाय हलवताच किंचाळणारे ते मूल आज आपल्याला क्वचितच दिसते, याच्या श्रेयाचा एक वाटा या शहराचा आहे. मिरचीचे मूळ अमेरिकेत. पोर्तुगिजांनी ती गोव्यामार्गे आपल्याकडे आणली, तर हंगेरीत ती तुर्की अमदानीत रुजली. सेगेडच्या बाजारात टांगलेल्या लाल माळा पाहून आपल्याला परकेपणा वाटत नाही, तो यामुळेच.

या परंपरेतील अलीकडचे नाव म्हणजे कातालिन कारिको. त्यांचे शिक्षण सेगेड विद्यापीठात झाले. त्या १९८५ साली अमेरिकेस गेल्या आणि ज्या संशोधनामुळे करोनावरील एम-आरएनए लशी शक्य झाल्या, त्यासाठी २०२३ च्या नोबेल पारितोषिकाच्या सहमानकरी ठरल्या.

आता भोवतालच्या सहलींविषयी. मुले बरोबर असतील तर सुमारे ३० किलोमीटरवरील ओपुस्तासेर चुकवू नये. आर्पाद फेस्ती यांचे १८९४ साली पूर्ण झालेले, सुमारे १२० मीटर लांब आणि १५ मीटर उंच वर्तुळाकार चित्र तेथे आहे. मॅग्यार टोळ्यांचे या भूमीतील आगमन हा त्याचा विषय. पूर्वेकडील माको हे गाव कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. पत्रकारितेच्या पारितोषिकामुळे ज्यांचे नाव जगाला ठाऊक झाले, ते जोसेफ पुलित्झर येथेच १८४७ साली जन्मले. वास्तुविशारद इम्रे माकोवेत्स यांनी आराखडा केलेले उष्णोदकाचे स्नानगृहही येथे आहे. होडमेझोवाशारहेईला जाण्यासाठी २०२१ पासून शहरातील ट्रामच पुढे रेल्वेरुळांवरून धावते. परतीच्या वाटेवर केच्केमेट लागते. मुलांना गाण्यातून संगीत शिकवण्याच्या पद्धतीचे प्रणेते झोल्तान कोदाय यांचे ते जन्मगाव.

सीमेपलीकडे दोन वाटा आहेत. दक्षिणेला सर्बियातील सुबोतित्सा. हंगेरियन लोक त्याला आजही सबाडका म्हणतात. नवकला शैलीतील तेथील नगरभवन आणि ज्यू प्रार्थनामंदिर अप्रतिम आहे. येथे जाणारा रेल्वेमार्ग नूतनीकरणानंतर २०२३ साली पुन्हा सुरू झाला. मात्र सावधान! सर्बिया शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर सर्बियात पाऊल ठेवताच तो संपतो आणि हॉटेलातील सामान हंगेरीत राहून आपण बाहेर राहतो. म्हणून बहुप्रवेशाचा व्हिसा आहे याची खातरजमा केल्याविना ही सहल आखू नये. पूर्वेला रुमानियातील तिमिश्वारा आहे. १९८९ च्या डिसेंबरात चाउशेस्कूच्या राजवटीविरुद्धचा उठाव तेथून सुरू झाला. १ जानेवारी २०२५ पासून रुमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये आल्याने ही वाट सोपी झाली आहे. घड्याळ मात्र तासाभराने पुढे करावे लागते. फोरिंट, दिनार आणि लेउ ही तीन चलने निरनिराळी आहेत, हेही ध्यानात असावे.

मे किंवा सप्टेंबर हा काळ उत्तम, कारण या मैदानी प्रदेशातील उन्हाळा कडक असतो. गवताळ भागात फिरताना मुलांचे पाय पूर्ण झाकावेत व संध्याकाळी अंगावर गोचीड नाही ना, हे तपासावे. या प्रदेशात गोचिडींतून मेंदूज्वराचा व लाइम रोगाचा संसर्ग होऊ शकतो. शाकाहारी व्यक्तींनी सूप कशाच्या अर्कात शिजवले आहे, हे विचारूनच घ्यावे.

सुबोतित्साच्या रस्त्यांवर अजूनही हंगेरियन कानी पडते. तेथल्या जुन्या पिढीने घर बदलले नव्हते, सीमाच बदलली होती. आपल्या भाषेच्या मुख्य प्रदेशाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून ती घरात जपणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागणार नाही. सेगेडला जाण्याचे हेही एक कारण.