वीज गेल्यावरही टिकणारी स्मृती

म्हैसूरच्या गोकुलममध्ये राहून जवळच्या हेब्बाळ येथील इन्फोसिसच्या संकुलात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मराठी तरुणाला प्रत्येक कामात एका प्रश्नाचा विचार करावा लागतो: यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाले, तर अर्धवट राहिलेल्या माहितीचे काय? हा प्रश्न भारतीय संगणकांच्या पहिल्या पिढीपुढे आजच्या स्वरूपात उभाच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला संगणक, ज्याला १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले, त्याची स्मृती फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची होती. एका कडीत एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक अंक, मावत असे आणि चुंबकत्वाची दिशा हाच तो अंक असे. कडीतून आडवी आणि उभी अशा दोन तारा जात. प्रत्येक तारेत निम्माच प्रवाह सोडल्यामुळे जिथे त्या एकमेकींना छेदत, तेवढ्याच कडीचे चुंबकत्व उलटत असे. वाचताना कडीतील अंक पुसला जाई आणि लगेच पुन्हा लिहावा लागे. पण वीज गेली तरी कड्यांचे चुंबकत्व कायम राहत असे. ४० बिटांचा एक, असे २०४८ शब्द या स्मृतीत मावत, म्हणजे सगळे मिळून जेमतेम दहा किलोबाइट.

अपोलो ११ च्या चांद्रयानातील संगणकाची बदलता येणारी स्मृतीही अशाच कड्यांची होती. २० जुलै १९६९ रोजी उतरताना कामाचा ताण वाढून तो संगणक पुन्हा पुन्हा सुरू झाला, परंतु कोणते काम कुठवर आले याच्या नोंदी स्मृतीत शाबूत असल्याने बिनमहत्त्वाची कामे टाकून देऊन त्याने उतरण्याची आकडेमोड पुढे चालू ठेवली.

१९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप आली आणि स्वस्ताईपुढे कड्या मागे पडल्या. आजच्या रॅममध्ये बिट हा सूक्ष्म धारित्रातील विद्युतप्रभार असतो आणि तो सतत झिरपत असल्यामुळे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो, त्यामुळे वीज तुटली की माहिती गेली. पेनड्राइव्हमधील फ्लॅश स्मृतीत इलेक्ट्रॉन निरोधक थरांमध्ये कोंडलेले असल्याने ते वर्षानुवर्षे टिकतात, मात्र तिथे लिहिणे रॅमपेक्षा पुष्कळ संथ असते. वीज न तोडता केलेल्या रिस्टार्टमध्ये रॅममधील मजकूर पुष्कळदा वाचतो, आणि लिनक्स प्रणाली बिघाडाच्या क्षणीचे शेवटचे संदेश रॅमच्या राखून ठेवलेल्या भागात लिहून पुढच्या वेळी वाचते ती याच आधारावर.

तरीही पैशांच्या व्यवहारात अशा आधारावर विसंबणे गैर आहे. म्हणून डेटाबेस आधी ‘काय बदलणार’ याची नोंद कायमस्वरूपी साठ्यात करतो, मगच प्रत्यक्ष खाते बदलतो, आणि पुन्हा सुरू झाल्यावर ती नोंदवही वाचून अर्धवट व्यवहार एक तर रद्द करतो किंवा तडीस नेतो. कड्यांनी जे आपोआप दिले होते, ते आता अशा शिस्तीने मिळवावे लागते, आणि ही शिस्त संगणकशास्त्राच्या मोठ्या कर्तृत्वांपैकी एक मानायला हवी.

फाइल जतन केल्यावरही मजकूर काही काळ रॅममध्येच थांबलेला असू शकतो. तेव्हा वाचकांनी पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपसू नये आणि संगणकाचे बटण दाबून तो एकाएकी बंद करू नये.