इमॅजिकाचे दोन दिवस

खालापूर तालुक्यातलं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. पेणहून खोपोलीमार्गे, रोह्याहून पालीमार्गे जाता येतं.

गटाने दोन दिवस जायचं ठरवलं, तर पहिला दिवस पाळण्यांचा, दुसरा पाण्याचा ठेवा. म्हणजे ओले कपडे घेऊन फिरावं लागत नाही. तिकिटाचे दर आधी विचारा, मगच वर्गणी ठरवा. मोठे पाळणे सकाळीच उरका. बाहेरचं जेवण आत नेता येत नाही, म्हणून भाकरी खाऊनच निघा. पाण्यात नायलॉनचे कपडे लागतात. सुती कापड भिजून जड होतं, साडी घसरगुंडीत अडकते.

गरोदर बाईने, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेलीने मोठ्या पाळण्यात बसू नये. पैसे भरलेत म्हणून दुखणं लपवू नका. जिवापुढे तिकिटाची काय किंमत?