चिनी औषधांची फुफ्फुसावरील कसोटी

तंबाखूचा किंवा चुलीचा धूर, तसेच कामाच्या ठिकाणची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जात राहिली, की श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जातात. या विकाराला सीओपीडी म्हणजे दीर्घकालीन अवरोधक फुफ्फुसविकार म्हणतात. जोराने सोडलेल्या श्वासातील किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली, हे स्पायरोमेट्री या चाचणीने मोजून त्याचे निदान केले जाते. पारंपरिक चिनी वैद्यक मात्र अशा रुग्णाची जीभ व नाडी पाहते, ‘ची’ या जीवनशक्तीची उणीव फुफ्फुसाबरोबर प्लीहेत आहे की मूत्रपिंडात हे ठरवते आणि त्यानुसार औषध बदलते. त्यामुळे सर्वांना एकच औषध देऊन ते तपासण्याची रूढ पद्धत येथे सरळसोट लागू पडत नाही.

यातून वाट काढणाऱ्या एका चिनी अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. चार केंद्रांवरील ३५२ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे निवड कोणाच्याही मर्जीवर न सोडता, दोन गटांत विभागणी करण्यात आली. दोन्ही गटांना आधुनिक औषधे मिळाली, तर एका गटाला लक्षणसमूहानुसार तीनपैकी एक वनौषधी-मिश्रणही देण्यात आले. सहा महिन्यांचे उपचार आणि बारा महिन्यांचा पाठपुरावा संपला, तेव्हा या गटात आजार अचानक बळावण्याचे प्रसंग कमी आढळले, धाप कमी झाली आणि सहा मिनिटांत चालून कापलेले अंतरही वाढले. मात्र स्पायरोमेट्रीच्या आकड्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

या निष्कर्षाचे वजन ठरवताना, कोणाला कोणते औषध मिळते हे रुग्ण व वैद्य या दोघांनाही ठाऊक होते, ही बाब निर्णायक ठरते. धाप किती लागते हे रुग्णच सांगतो आणि चालण्याच्या चाचणीतही त्याच्या उमेदीचा वाटा असतो, म्हणून औषधाचा गुण आणि औषधावरील विश्वासाचा गुण येथे वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी प्लासिबो, म्हणजे दिसायला सारखे पण औषधी गुण नसलेले द्रव्य, लागते. कडू, उग्र वासाच्या काढ्याची हुबेहूब नक्कल करणे मात्र अवघड असते.

परंपरेचे वय या कसोटीची जागा घेऊ शकत नाही. माहुआंग या वनस्पतीतून १८८५ मध्ये वेगळे केलेले एफेड्रीन श्वासनलिका खरोखरच रुंदावते, पण रक्तदाबही वाढवते. खोकल्यासाठी पूर्वापार वापरल्या गेलेल्या मादौलिंग या फळातील ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि कर्करोगही उद्भवू शकतो. म्हणूनच वरील अभ्यासातून फार तर आधुनिक औषधांना अशा मिश्रणांची जोड देऊन पुढील काटेकोर चाचण्या घ्याव्यात, एवढाच निष्कर्ष काढता येतो. नियमित इन्हेलर बंद करून त्याच्या जागी ती घ्यावीत, असे मुळीच म्हणता येत नाही.