योग्यता तपासणीत सस्पेन्शन सदोष ठरल्यास...

शहापूर : कसारा, माळशेज घाटांच्या वाटेवर धावणाऱ्या प्रवासी जीप-टॅक्सींना आठ वर्षे उलटल्यावर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५६ नुसार त्याविना वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. सस्पेन्शनमधील दोषामुळे प्रमाणपत्र नाकारल्यास कारणे लेखी देणे बंधनकारक असल्याने वाहनमालकांनी ती मागून घ्यावीत.

तुटलेला पाटा, तेल गळणारा शॉकअब्सॉर्बर वा झिजलेले बुश यांमुळे चाकांची रस्त्यावरील पकड सैल होते. घाटउतारावर हे जिवावर बेतू शकते. शॉकअब्सॉर्बर एकाच बाजूचा न बदलता पुढची किंवा मागची जोडी एकदम बदलावी, चाकांचे अलाइनमेंट करून मगच फेरतपासणीस जावे. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत प्रवासी घेऊ नयेत.

खासगी मोटारींची अशी तपासणी पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी होते.